तीन तास आधी

ओपल, ओरेगॉनहून तुझ्या तोंडाळ धाकट्या बहिणीचा नमस्कार.

मी धडधाकट आहे. सुनेचा मक्याचा पाव अजून विटेसारखाच होतो, पण दात शाबूत आहेत. तुझ्या कोंबड्या अंडी देतात का?

चाक फिरवून शब्द ओळखायचा तो टीव्हीवरचा खेळ रोज बघते. आपण बघायला लागलो तेव्हा त्यातली बाई फळ्यावरची अक्षरं हाताने फिरवायची. आता नुसतं बोट लावलं की उजळतात. माझी शाळा तिसरीत सुटली. वाचायला मी त्या फळ्यावरच शिकले.

तुमच्या वेस्ट व्हर्जिनियात तो तीन तास आधी लागतो. म्हणून तू रोज फोन करून मला उत्तर सांगून टाकायचीस.

"गप बस गं मेले," मी ओरडायचे.

"हरलीस, म्हातारे," तू म्हणायचीस.

तुझी लेक लॉरेटा सांगत होती, अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझी वाचा गेली, नुसती पडद्याकडे बघत बसतेस. तीन आठवडे झाले, उत्तर माझं मलाच शोधावं लागतंय. त्यात काही मजा नाही.

लॉरेटा हे तुला वाचून दाखवेल. उद्या खेळ लागला की तिला मला फोन लावू दे, आणि तो टीव्हीजवळ धर. तू बोलायची गरज नाही. माझं उत्तर तीन तास आधी फुटलं तर फुटू दे.

तुझीच,
व्हर्ना