घासू नयेत असे तीन बोर्ड

मी, मृणालिनी देवदत्त विजयकर, वय चौऱ्याहत्तर, राहणार गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. कान थोडे कमी झाले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहती जागा व बँकेतील ठेवी माझा मुलगा शंतनु याला. मोरीच्या लादीवरचे तपकिरी डाग निघणार नाहीत, त्याने त्या नादी लागू नये. त्याच मोरीत मी आयुष्यभर सर्किटचे बोर्ड केले. तांबे चढवलेल्या कोऱ्या बोर्डावर रंगाने रेषा काढायच्या आणि तो फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचा. रंगाखालचे तांबे राहते, बाकीचे विरघळते. आसपासच्या भजनी मंडळांचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे त्यांवरच वाजले.

२. सोन्याच्या पाटल्या सून रुचा हिला. तिने मोरीवरून कधी तोंड वाकडे केले नाही.

३. शंतनु बोर्ड बाहेरून मागवतो. "आई, फाइल पाठवली की आठवड्यात घरपोच. हे ॲसिड कशाला ढवळत बसतेस?" त्याचे बोर्ड माझ्यापेक्षा सरस असतात, हे मी इथे लिहून देते. पण माझ्या तानपुऱ्यातला बोर्ड मला न विचारता बदलून त्याने जुना भंगारात दिला, त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. कारण मी त्याला कधी सांगितले नाही, ते आता सांगते.

बोर्ड आधी घासून स्वच्छ करायचे काम ह्यांचे. हे गेल्यावर पहिला बोर्ड केला तेव्हा मी घासायचे विसरले. तांबे विरघळू लागले आणि कोपऱ्यात, जिथे मी काहीच रंगवले नव्हते, तिथे एक अंगठा उरला. मधोमध अडकित्त्याच्या जखमेची आडवी खूण. डोक्याला तेल लावून हे तसेच बोर्ड हाताळत, आणि तेलाखालचे तांबे द्रावण खात नाही, एवढेच ते. मला कळते. तरी मी मोरीतच खाली बसले आणि विचारले, "आलात?" तोच बोर्ड तानपुऱ्यात घालून मी रोज संध्याकाळी ऐकत असे. आता तानपुरा स्वच्छ वाजतो, पण आत कोणी नाही.

४. ह्यांच्या हातचे तीन कोरे बोर्ड कपाटात आहेत. वरून काही दिसत नाही. द्रावणात घातल्याशिवाय कळणार नाही, आणि घालून काहीच उरले नाही तर मला सोसणार नाही. म्हणून ते तसेच आहेत, आणि कपाटाकडे पाठ करून मला बसवत नाही. हे तिन्ही शंतनुला. विकू नयेत, घासू नयेत. त्याने हातमोजे घालून, स्वतः, ह्याच मोरीत ते करावेत. दोन रिकामे निघाले तरी तिसरा रिकामा निघणार नाही. काल डोक्याला तेल लावून मी त्यावर माझा अंगठा दाबून ठेवला आहे.

स्थळ: गिरगाव, मुंबई
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२३

सही: मृणालिनी दे. विजयकर
डाव्या हाताचा अंगठा:

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही व अंगठा केला:
१. शरदचंद्र धैर्यवान, शेजारी
२. कमल राणे, वकील, भोईवाडा

तांब्यावरच्या अंगठ्याला साक्षीदार नाही. तो शंतनुने पाहावा.