मशीन बरोबर आहे

प्रिय ताई,

परवा तू विचारलंस, "ढब्बे, वजन उतरलं, मग तोंड का उतरलंय?" वजन कमी करायच्या इंजेक्शनने अठरा किलो गेले, छातीतली धडधड मात्र गेली नाही. मी काम करते त्या लॅबमध्ये स्वतःचाच ईसीजी काढला आणि नावाच्या जागी 'मशीन चाचणी' लिहिलं.

तो पाहून मला इंजेक्शन देणारे आमचे डॉक्टर हसले. "हे ठोके माणसाचे असते तर आत्ताच दाखल करून घेतलं असतं. मशीन दुरुस्तीला पाठव."

मी मशीन दुरुस्तीला पाठवलं. खरं सांगितलं तर इंजेक्शन बंद करतील, ही भीती.

आज मशीन परत आलं. शेरा आहे : दोष नाही. दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन आले. मला दाखल करून घेतलं तर तुला सापडावं म्हणून हे पत्र खणात ठेवते आणि तो ईसीजी नाव दुरुस्त करून नेते.

तुझी,
ढब्बी