तिसरी टेप

दि. ४ मार्च, दुकानातून

प्रिय बारक्यास,

अनेक आशीर्वाद. सौ.चा दमा कसा आहे? थोरलीच्या पायाचं प्लास्टर निघालं का? धाकटीला पुढचे दात आले? (तू कळवत नाहीस, पण इकडून तिकडून कानावर येतं.) आणि तुझी पाठ? मशीनवर वाकून बसू नकोस, हजारदा सांगितलंय. तू ऐकलंस कधी म्हणा!

तुझी वहिनी माझ्यावर नेहमीसारखी डाफरते, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत.

एक गंमत सांगतो. माझ्या पँटी कमरेतून घसरायला लागल्या. माप घेतलं तर छत्तीसाची कंबर चौतीस. म्हटलं, टेप जुनी, ताणली गेलीय. नवी आणली. महिन्याभरात ती तेहतीस दाखवायला लागली. दुकानदाराच्या नावाने खडे फोडत तिसरी आणली. वहिनी म्हणाली, "तिन्ही टेपा खोट्या, आणि तुम्ही एकटेच खरे का हो?"

मग मोठ्या दवाखान्यात गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. रिपोर्ट पालथा ठेवून म्हणाली, "आजोबा, बरोबर कोण आलंय?"

"भाऊ आलाय. बाहेर बसलाय."

तोंडातून निघून गेलं बघ. ती म्हणाली, "बोलवा त्यांना." मी उठलो, बाहेर जाऊन घोटभर पाणी प्यायलो, परत आलो. म्हटलं, "चहाला गेलाय."

जठराचा कॅन्सर आहे. लिहिलं एकदाचं. यकृतापर्यंत पोचलाय. वहिनीला पित्त सांगितलंय. ती दुपारी लवंडली की पँटी कमरेत आत घेतो, तिला कळू नये म्हणून.

आणखी एक. नऊ वर्षांपूर्वी तो लग्नाचा कोट पाठीत आवळला, तेव्हा गिऱ्हाइकासमोर मी तुला म्हणालो, "कात्री धरायची लायकी नाही तुझी." तू कात्री ठेवलीस आणि गेलास. बारक्या, तू बरोबर कापलं होतंस. माप मी चुकीचं लिहून दिलं होतं. त्याच संध्याकाळी वही उघडली तेव्हा कळलं. कळूनही गप्प बसलो. तेव्हाही टेपच खोटी होती माझ्या लेखी.

बाईंनी अठरा तारखेला भावाला घेऊन यायला सांगितलंय. औषध घ्यायचं की नाही, ते त्या दिवशी ठरवायचं. मला एकट्याला ऐकवत नाही रे.

उत्तर लवकर टाक. घरी नको, दुकानाच्या पत्त्यावर. नुसतं 'येतो' नाहीतर 'येत नाही' लिहिलंस तरी पुरे.

चहाला गेलेल्या भावाची वाट बघणारा,
तुझा दादा