आत्याचं अर्धं वाक्य

१५ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. ते रागाच्या आड येत नाहीत.

शनिवार, दिनांक १४ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या विद्यापीठाच्या सभागृहात, भरल्या खुर्च्यांसमोर एका यंत्राने माझी नक्कल केली. तू बोलावलंस म्हणून मी आले होते. प्रोग्रामिंगच्या भाषा कशा घडवायच्या याची मूलतत्त्वं तू शिकतेस आणि शेवटच्या परीक्षेसाठी तू स्वतःच एक छोटी भाषा रचली आहेस, पहिल्या वर्षाच्या मुलांना सोपी जाईल अशी, एवढं तुझ्या बापाने मला समजावलं होतं. चष्मा पुसून दुसऱ्या रांगेत बसले.

एका दाढीवाल्या गृहस्थांनी काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘कंस उघडलास, मिटणार कोण? मी?’ लोक हसले. मीही हसले, बोलणाऱ्याचा स्वभाव आवडला म्हणून. मग त्यांनी एका माणसाच्या वयात त्याचंच नाव मिळवायला सांगितलं. ‘वयात नाव मिळवतोस? शुद्धीवर आहेस ना?’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे ‘आधी सांगितलं नाहीस, आता मागतोस. आकाशातून पडणार आहे का?’ हेही आलं, आणि तू माइक हातात घेऊन, दात काढून, हे सगळे उद्गार माझ्या आत्याचे, ती बघा तिथे बसली आहे, असं जाहीर केलंस. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी जन्मभर ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स होते. भलेभले सर्जन मला बघून पुन्हा एकदा हात धुवायला जायचे. सिस्टरांच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं, की दुसऱ्याचं वाक्य वापरायचं तर आधी विचारावं. तुझ्या विद्यापीठात हा विषय नसावा.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसती ‘हो हो’ करतेस. खुलासा लेखी हवा.

चिडलेली, तरी तुझीच,
आत्या


१८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चुकलं. विचारायला हवं होतं. बाबा म्हणाले, विचारलं असतंस तर नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. म्हणजे अर्धा दोष तुझ्या भावाचा.

पण थट्टा करायची म्हणून केलं नाही गं. भाषा घडवताना पहिल्यांदा हेच ठरवावं लागतं, की माणूस चुकला तर यंत्राने काय करायचं. काही भाषा ‘तुम्हाला असंच म्हणायचं असेल’ असं धरून गुपचूप पुढे जातात. चूक आत तशीच राहते आणि भलत्याच वेळी भलत्याच ठिकाणी बाहेर येते. मला चुकल्या जागीच हात धरणारी भाषा हवी होती. असं हात धरणारं माणूस मला आयुष्यात एकच माहीत आहे.

आता वाईट बातमी. सोमवारी आमच्या प्राध्यापक बाईंनी पहिल्या वर्षाची मुलं बसवून माझी भाषा तपासली. मुलं हसली भरपूर, पण एकही पुढे गेलं नाही. चुकलं हे कळलं, मग काय करायचं ते कळेना. अर्धी उठून चहाला गेली. बाईंनी स्पष्ट सांगितलं, की ही भाषा माणसाला नुसती उभी करून ठेवते. ३ एप्रिलला त्या पुन्हा तपासणार. तेव्हाही असंच झालं तर मी नापास, आणि पदवी एक वर्ष पुढे.

तेव्हा तू खूश हो. तुझी वाक्यं मी काढून टाकते आहे. माझी भाषाही आता गोड बोलून, अंदाजाने पुढे जाणार. दुसरं काही सुचत नाही.

राग गेला की कळव. नाही गेला तरी कळव.
तुझी,
ठकू


२० मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

अंदाजाने? माझ्या थिएटरमध्ये अंदाजाने कापूसही कुणी उचलला नाही. गोड बोलून चूक पोटात ठेवून टाके घालणारे लोक मी पाहिले आहेत. तुझी भाषा त्यांच्या पंगतीला बसवायची असेल तर खुशाल बसव, पण मग मला आत्या म्हणू नकोस.

आणि माझी वाक्यं तोडली कुणी? मी बोलून तोंड मिटून उभी राहिले, असं एकदा तरी झालंय का? नवी मुलगी चिमटा उलटा धरायची. डोळे घरी ठेवून आलीस का, असं मी विचारायचे आणि त्याच श्वासात सांगायचे, अंगठा वर, टोक खाली, हं, आता दे. पहिलं हात थांबवायला, दुसरं हात चालू करायला. नुसतं पहिलंच बोलले असते तर पेशंट टेबलावर तसाच राहिला असता.

माझ्या वाक्यांचं पुढचं अर्धं कुठे गेलं, ते कळव.

आत्या


२३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हापासून आठवते आहे. खरं सांगते, पुढचं अर्धं मी कधी ऐकलेलंच नाही. तू ‘शुद्धीवर आहेस ना’ म्हणालीस की मी गॅलरीत पळायचे. बाबांना विचारलं. ते म्हणाले, त्यांना काय माहीत, ते माझ्या आधीच गॅलरीत असायचे.

आत्या, ते पुढचं मला सांगशील? सगळे चुकांचे प्रकार सोबत लिहून पाठवते आहे. गोड बोलणारी भाषा करून पाहिली. वयात नाव मिळवलं तर आता ती शांतपणे काहीतरी उत्तर देते. मलाच तिची भीती वाटते.

तुझी,
ठकू


२५ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

म्हणजे घरातली सगळी उपयोगाची वाक्यं मी इतकी वर्षं कपाटाला सांगत होते. कपाट मात्र कधी चुकलं नाही, हे खरं.

लिहून घे. कंस उघडलास, मिटणार कोण, मी? तिसऱ्या ओळीच्या शेवटी कंस मिट आणि पुन्हा चालव. वयात नाव मिळवतोस, शुद्धीवर आहेस ना? वय हा आकडा आहे, त्यात आकडाच मिळव. दोन्ही नुसती शेजारी छापायची असतील तर आधी वयाची अक्षरं कर. (हे तुझ्या बापाकडून समजून घेतलं. त्याला ते मला दोनदा सांगावं लागलं.) आधी सांगितलं नाहीस, आता मागतोस, आकाशातून पडणार आहे का? वर जा, पहिल्या ओळीत त्याचं नाव आणि किंमत लिही, मग मागायला ये. बाकीची वेगळ्या कागदावर आहेत.

एकच वाक्य, एकच श्वास. मध्ये पूर्णविराम दिलास तर लोक तिथूनच पळतात, हे आता आपल्याला माहीत आहे. ओळीचा आकडा यंत्राने स्वतः शोधून सांगावा, मी सांगायचे. आणि सगळं बरोबर असेल तेव्हा यंत्राने काही बोलू नये. काम करणाऱ्याला काम करू द्यावं.

नापास होऊ नकोस. झालीस तर पुढच्या वर्षी मी दुसऱ्या रांगेत नाही, दाराशी येऊन बसेन.

निकाल मला शनिवार, ४ एप्रिल, दुपारी बारापर्यंत लेखी हवा. कितीजण वाक्य संपेपर्यंत बसले, कितीजणांची चूक दुरुस्त झाली, आणि कुणी मध्येच उठलं असेल तर त्याचा पत्ता. पुढचं अर्धं मी त्याला घरी जाऊन सांगेन.

तुझी,
आत्या