पासवर्डचा मधला तुकडा

तीर्थस्वरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरल्यामुळे साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, तो पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? लेकीच्या घराला जिने नाहीत हे ऐकून बरं वाटलं आणि तितकंच वाईटही वाटलं, कारण जिने नाहीत म्हणजे तू तिथे रुळणार. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. काही काम आहे म्हणून लिहीत नाहीये. सहज आठवण आली, आणि हाताशी वेळ आहे. वेळ का आहे, तेच सांगते.

आपल्या बटणांच्या कोठीतला सर्व्हर तुला ठाऊकच आहे. माळ्यावर दिवसभर घूं घूं करणारा तो काळा पेटारा, ज्याच्या पोटात अकरा हजार प्रकारच्या बटणांचा ठावठिकाणा आहे. इंजिनिअरसाहेब म्हणाले, याला सांभाळायला एक वेगळा कॉम्प्युटर हवा. त्याला ते कन्सोल म्हणतात. त्याने दुसरं काही म्हणजे काहीच करायचं नाही, साधं पत्रसुद्धा टाइप करायचं नाही. सर्व्हरचं अंग तापलंय का बघायचं, झोपला तर उठवायचं, कोण आत शिरतंय त्यावर नजर ठेवायची. (आपल्या घरात हे काम तू करतेस.) त्याला स्वतःची वेगळी वायर हवी आणि ऊन न येणारी थंड जागा हवी. अख्ख्या इमारतीत अशी जागा एकच निघाली, तुझी उत्तरेची खिडकी.

चूक आमचीच आहे, पण तिचा क्रम बघ. आधी पासवर्ड ठरला. आजोबांनी नमुन्यांच्या कपाटाला तीन कुलपं लावली होती आणि तिन्ही किल्ल्या तीन पोरांत वाटल्या होत्या, म्हणून बाबांनी जाहीर केलं की पासवर्डचेही तीन तुकडे होणार आणि एकाचा दुसऱ्याला कळता कामा नये. पहिला बाबांनी टाकला, मधला तू, शेवटचा काकांनी. ज्याची पाळी नसेल त्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. इंजिनिअरसाहेबही बिचारे भिंतीकडे तोंड करून उभे होते. एवढं झाल्यावर, पासवर्ड पक्का झाल्यावर, आम्ही तुझं टेबल उचलून माळ्यावर नेलं, ट्यूबलाइटखाली. तीस वर्षं तू दिवसाच्या उजेडात बटणांचे रंग जुळवत आलीस, दिव्याखाली रंग खोटं बोलतात हे तूच आम्हाला शिकवलंस, आणि आम्ही तुला दिव्याखाली बसवलं. तू एवढंच म्हणालीस, “यंत्राला खिडकी हवी तर घेऊ दे. माझं काय, मी कुठेही बसेन.” आणि आम्ही, इतकी वर्षं तुला ओळखत असून, ते खरं मानलं. संध्याकाळी बघतो तर तू लेकीकडे.

पुढे सहाव्या दिवशी वीज गेली. आली तेव्हा सगळं उठलं, सर्व्हर तेवढा उठेना. त्याला उठवायचं तर कन्सोलवरून, कन्सोल मागणार पासवर्ड, आणि पासवर्डचा मधला तुकडा घेऊन तू पसार. कोणतं बटण कुठल्या खोक्यात हे कोणालाच माहीत नाही. गणवेश शिवणाऱ्यांना शनिवारपर्यंत चार हजार आकाशी बटणं हवीत, चार भोकांची. काकांनी चौसष्ट खोकी उपसली. त्यात आकाशी बटणं सोडून सगळं मिळालं, त्यांचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मासुद्धा.

मग तुझा तुकडा ओळखायची खटपट सुरू झाली. तुझ्या लेकीचं नाव घालून पाहिलं, तुझ्या मेलेल्या पोपटाचं नाव घालून पाहिलं, बाबांनी स्वतःचंही नाव घालून पाहिलं (आशा माणसाला सुटत नाही). तीन वेळा चुकलं की कन्सोल तासभर तोंड मिटून बसतो. तो तास कोणीतरी समोर बसून काढायचा, आणि ते कोणीतरी म्हणजे मी.

आत्या, हा तास फार विचित्र आहे गं. करायला काही नसतं. पडदा काळा, त्यावर एक बारीकशी रेघ लुकलुकते. तिच्याकडे बघता बघता डोळे आपोआप खिडकीकडे जातात. समोरच्या छापखान्याच्या पत्र्यावर एक मांजर असते, ती सावलीबरोबर इंचाइंचाने सरकते. वरच्या मजल्यावर कोणीतरी गोधडी वाळत घालतं आणि मग दुपारभर ती गोधडी कोणाचीच नसल्यासारखी हलत राहते. तुझी बटणांची वाटी मी तशीच खिडकीत ठेवली आहे. त्यातली पांढरी बटणं सकाळी निळसर असतात, दुपारी नुसती पांढरी आणि चारच्या सुमाराला दुधावरच्या सायीसारखी होतात. मी इथे लहानाची मोठी झाले, पण हे कधी पाहिलं नव्हतं. एकदा बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्नात सर्व्हर तुझी राखाडी शाल पांघरून झोपला होता आणि झोपेत रंगांची नावं घेत होता: मोरपंखी, अबोली, धुवट निळा. मी त्याला उठवायला गेले आणि उठवलंच नाही. जाग आली तेव्हा तुझी इतकी आठवण आली की उसण विसरून उठून उभी राहिले, आणि मग उसणीने स्वतःची आठवण करून दिली.

असो. घरी सगळे बरे आहेत. लेकीला आणि जावईबापूंना माझा नमस्कार सांग.

तुझी (मागच्या महिन्यापर्यंत लाडकी) भाची

ता. क. काही काम नाही असं वर लिहिलंय खरं, पण तुझा तुकडा तेवढा पाकिटात बंद करून पाठव. मी वाचणार नाही. भिंतीकडे तोंड करून टाइप करेन.

ता. क. २. बाबा म्हणतात पाठवू नकोस. ज्याचा तुकडा त्याने स्वतःच्या बोटांनी टाकायचा हा नियम आहे, तेव्हा तुलाच यावं लागेल. (“यायला सांग” असं त्यांच्या तोंडून निघणार नाही, म्हणून हा नियम त्यांनी मुद्दाम केला.)

ता. क. ३. आता खरं सांगते. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण परवापर्यंतचं. परवा इंजिनिअरसाहेब आले आणि दहा मिनिटांत त्यांनी जुना पासवर्ड पुसून टाकला. सर्व्हर उठला, आकाशी बटणं रवाना झाली. नवा पासवर्ड दोनच तुकड्यांचा आहे. बाबा आपला टाकतात, मग हात बाजूला घेऊन थोडा वेळ थांबतात, तू टाइप करायला घेतला होतास तेवढा, आणि मग काकांना बोलावतात. तेव्हा पासवर्डसाठी येऊ नकोस. तुझं टेबल आम्ही काल खिडकीशी आणून ठेवलंय. कन्सोल जिन्याखाली गेला, तिथवर वायर पुरेना, म्हणून ती दारातून आडवी टाकली आहे. आलीस की जपून पाय टाक.