पुरेल ना?

आई,

त्या शनिवारी बाबांनी गाडीला बॅटरी भरणारा नवा अल्टरनेटर बसवला आणि व्होल्टमीटरचा काटा चौदाऐवजी सोळाच्या वर गेला. "हा तुझ्या आईसारखा आहे, टोर्डिस," ते म्हणाले. "पोट भरलं तरी पानात वाढतच राहतो." तू खिडकीतून म्हणालीस, "आधी हात धू, मग मला नावं ठेव." "उद्या बघतो," म्हणत त्यांनी बॉनेट लावलं. पहाटे ते झोपेतच गेले.

तू झोपली आहेस, म्हणून लिहून ठेवते. मी सकाळच्या बोटीने जातेय. गाडी आता बिनधास्त चालव, दिवे पुन्हा उडणार नाहीत.

अल्टरनेटर चांगलाच होता. बॅटरी किती भरली हे त्याला कळवणारी एक बारीक तार असते. तिचं टोक रस्त्यावरच्या मिठाने गंजलं होतं. बॅटरी भरली हे त्याला कळतच नव्हतं, म्हणून तो वीज ओतत राहिला आणि दिवे उडाले. काल मी टोक घासून घट्ट बसवलं. काटा चौदावर थांबला. ते बाबांना दाखवायला मी मागे वळलेसुद्धा.

मी निघाले की बाबा माझ्या पिशवीत बटाटे, सुका मासा, मुरंब्याच्या बरण्या कोंबायचे आणि विचारायचे, "पुरेल ना?" मी बोटीची वेळ बघत "चला, येते" म्हणायचे.

काटा थांबल्यावर थोडा वेळ त्यांच्या सीटवर बसले. मग मोठ्यानं म्हणाले, "पुरलं, बाबा. सगळं पुरलं."

टोर्डिस