नॅटकमची रोमन फरशी हिवापूर्वी झाकू देण्याबाबत

प्रति,
मा. स्थळ संवर्धन अधिकारी,
नॅटकम खोरे कार्यालय, ग्लॉस्टरशर.

विषय : आमच्या कुरणातील रोमन हवेलीची नक्षीदार फरशी हिवाळ्यापूर्वी मातीखाली झाकण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. १६ ऑक्टोबर २०२३ चे पत्र.

महोदय,

“पोरी, हिव पडायच्या आत तिला निजवायचं हं,” हे माझे वडील एझ्रा क्लटरबक यांचे बोल साठ वर्षांनंतरही माझ्या कानात आहेत. ती म्हणजे फरशी. उन्हाळ्यात चार आठवडे तिच्यावरची माती काढून लोकांना दाखवायची आणि सप्टेंबर सरता सरता साऱ्या गावाने हातगाड्या घेऊन यायचे, तिच्यावर कापड, कापडावर वाळू, वाळूवर गवताची ढेकळे रचायची, अशी आमची रीत.

यंदा आपल्या कार्यालयाने नाताळपर्यंत ‘रोमन रोषणाई’ भरवून फरशी उघडी ठेवली आहे. तिथली दशा लिहितानाही किळस येते. हवेलीच्या स्नानघराच्या पडक्या भिंतींवर फिरती शौचालये उभी केली असून त्यांचे पाणी फरशीला खालून तोलणाऱ्या विटांच्या खांबांपर्यंत झिरपते. नक्षीच्या निळ्या-तांबड्या खड्यांवर हिरवी बुळबुळ चढली आहे. भाड्याने आणलेले रोमन शिपाई सॉसेज खाऊन त्याच फरशीवर बोटे पुसतात. नक्षीतल्या डॉल्फिनच्या डोळ्यावर कोणीतरी च्युइंग गम चिकटवला होता. तो मी नखाने काढला, तर डोळ्याचा काळा खडाही त्याबरोबर निघून आला. खडा माझ्याकडे काडेपेटीत आहे. मागाल तेव्हा देईन.

आपले सहायक श्री. टिंडल यांना हे सांगितले तर ते म्हणाले, “आजीबाई, सोळाशे वर्षं टिकलीय ती. एका हिवाळ्यानं काय मरते का?” मी म्हटले, “मातीखाली टिकली, बाळा. तू डिसेंबरभर उघड्यावर पडून दाखव.” मी वळताच ते कोणाला तरी म्हणाले, “ती मेंढरंवाली पुन्हा आली होती.” माझी मेंढरे त्या जागेहून स्वच्छ आहेत, एवढे येथे नमूद करते.

वाळू, कापड, माणसे आमची. आपली फक्त सही हवी, कारण हिव आठवड्यावर आले आहे. परंतु हिवाने पूर्वी नुकसान झाल्याचा पुरावा दिल्याखेरीज विचार होणार नाही, असे आपण कळवले आहे. तो देते.

१९६२ च्या पानगळीत वडील इस्पितळात होते. मी चौदा वर्षांची. वडिलांनी जाण्यापूर्वीच माणसे लावून फरशी झाकून घेतली, असे गावाला मी खोटेच सांगितले. ती आणखी थोडे दिवस माझी एकटीची हवी होती. शाळा सुटली की तिच्याशेजारी जाऊन बसायचे. नाताळात जमीन गोठली, ती मार्चपर्यंत सुटली नाही. बर्फ वितळला तेव्हा नक्षीच्या कोपऱ्यात वसंत ऋतू म्हणून काढलेल्या बाईचा चेहरा खपलीसारखा उठून आला होता. मी तो केरसुणीने गोळा करून ओढ्यात टाकला आणि वर माती लोटली. उन्हाळ्यात सरकारी साहेब पाहणीला आले तेव्हा मी म्हटले, नांगर लागला. तोवर घरी परतलेल्या वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “हो साहेब, माझाच नांगर.”

आपल्या फलकावर आजही ‘शेतकऱ्याच्या नांगराने भग्न’ असे लिहिलेले आहे. त्यांनी त्या कुरणात जन्मात नांगर घातला नाही. फरशी मी उघडी ठेवली होती.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
हेस्टर क्लटरबक
अपर नॅटकम, दि. ३० ऑक्टोबर २०२३

सोबत : १९६२ च्या उन्हाळ्यातला एक फोटो. चेहरा शाबूत आहे.